विटेखालची पिशवी

खुरपं चार बोटं आत गेलं आणि सुशीलाबाईंनी हातानेच माती उपसायला घेतली. वीट जागची हललेली नव्हती. गणपतीत त्यांनीच खूण म्हणून ठेवलेली. आज संक्रांत. चार महिने झाले.

विटेखाली त्यांनी दोन वस्तू शेजारी शेजारी पुरल्या होत्या. एक पळसाची पत्रावळ आणि एक पांढरी पिशवी, हिरवं पान छापलेली. पत्रावळीची आता भुसभुशीत काळी माती झाली होती, दोन-चार काड्या तेवढ्या उरल्या होत्या. आणि पिशवी? तिचा पत्ताच नाही. बाईंनी वीतभर इकडे उकरलं, वीतभर तिकडे उकरलं. चिंधीसुद्धा हाताला लागली नाही.

"आई, मी म्हणत नव्हतो?" अनिलकुमार मागे उभा होता. बूट घालून, केस विंचरून, पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत निघायच्या तयारीत. "आता तरी हो म्हण."

चामराजपेटमधली ही खानावळ त्याच्या आजोबांची. चिकपेटच्या कापडदुकानांत रोज साठ जेवणं जात, पत्रावळीत बांधून, वर कागद आणि दोरा. उष्ट्या पत्रावळी दुकानांतून परत येत आणि परसातल्या खड्ड्यात पडत. त्यांचं खत नारळाला आणि नारळाखालच्या हळदीला. आपल्या चुलीवरून जे बाहेर जाईल त्याची माती झाली पाहिजे, असा सासऱ्यांचा दंडक होता. सासरे जाऊन वीस वर्षं झाली, पण बाईंनी तो मोडला नव्हता.

आणि पीण्याच्या एका कारखान्याला रोज तीनशे जेवणं हवी होती. पण पत्रावळीत नकोत, रस्सा गळतो म्हणे! पिशवीत द्या. बाईंनी साफ नाही म्हटलं. मग अनिल एका पिशवीवाल्याला घरीच घेऊन आला. तो गोडबोल्या म्हणाला, "अम्मा, ही बायोडिग्रेडेबल आहे. तीन महिन्यांत मातीत कुजून जाते."

"कुजते ते ठीक. पण तिचं खत होतं का?"

"दोन्ही एकच की हो!"

एकच कसं असेल? जन्मभर खड्डा उपसलेल्या बाईला हे सांगतोय! पण घरात रोजची कटकट नको म्हणून त्यांनी तोड काढली. पिशवी पुरायची, संक्रांतीला उकरायची. माती सांगेल ते खरं.

खरं सांगायचं तर पिशवी अख्खी निघावी असंच त्यांना मनातून वाटत होतं. कारण यल्लव्वा. अठरा वर्षं पत्रावळी तीच पुरवत होती. चिकपेटला एक आणि पीण्याला एक, अशी दोन तंत्रं अनिल चालवणार नव्हता. पत्रावळी बंद म्हणजे यल्लव्वाच्या दोन पोरींची शाळा बंद. ज्या परीक्षेत तिच्या पोटावर पाय पडणार, ती परीक्षा तिला कुठल्या तोंडाने सांगायची? बाईंनी तिला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"जा," त्या अनिलला म्हणाल्या. "कारखान्याच्या करारावर सही करून ये."

तो बाहेर पळाला. त्याची स्कूटर सकाळी दहा-बारा किका खाल्ल्याशिवाय सुरू होत नसे. पहिली किक ऐकू आली तेवढ्यात परसदाराशी यल्लव्वा उभी राहिली, डोक्यावर पत्रावळींचा भारा घेऊन.

पायरीवर कालच काढलेली ओली हळद पसरली होती. ती ओलांडून यल्लव्वाने भारा खाली ठेवला. बाईंनी मातीचे हात धुतलेच नाहीत. धुतले असते तर धीर गेला असता.

"यल्लव्वा, पुढच्या महिन्यापासून पत्रावळी नकोत गं. पिशव्या येणार आहेत."

यल्लव्वा भाऱ्याची गाठ उगाचच पुन्हा आवळत म्हणाली, "सरी, अक्का." 'बरं, अक्का' एवढ्याच अर्थाच्या त्या दोन कानडी शब्दांनी बाईंना रडूच कोसळलं असतं. ओरडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं.

बाईंनी घाईघाईने आतून तिळगूळ आणला, खोबऱ्याचे काप, उसाची दोन कांडकी. नेहमीपेक्षा दुप्पट. लाज अशीच झाकतात माणसं. "थांब, कागद देते बांधायला."

"कागद कशाला, अक्का? माझ्याकडे आहे की." यल्लव्वाने कमरेची घडी काढली, झटकली, उघडली.

पांढरी पिशवी. हिरवं पान छापलेली.

"ही... ही कुठली गं?"

"काल तुम्ही हळद काढायला सांगितली ना? विळा विटेला लागला. वीट उचलली तर खाली ही. कुणी टाकली कोण जाणे. वीट होती तशी ठेवली आणि ही नेली घरी. स्वल्प राख लावून धुतली, नव्यासारखी निघाली बघा. एक भोक नाही!"

बाहेर नववी किक बसली. इंजिन खाकरलं आणि पुन्हा गप्प झालं.

यल्लव्वा पिशवीत तिळगूळ भरत होती. डोळे पुसून तिने अगदी मनापासून विचारलं, "अक्का, तुमच्या नव्या पिशव्या पण अशाच मजबूत असतील ना?"

सुशीलाबाई मातीच्या हातांनीच बाहेर धावल्या. "अनिल! उतर त्या स्कूटरवरून. आधी तुझी पिशवी बघ, कारखान्याला पत्रावळीसाठी राजी कर, आणि मग तूच सांग यल्लव्वाला, पीण्याला रोज तीनशे पत्रावळी लागतील म्हणून!"