आप्पांच्या कॉलरला ट्यूनर

ऐन दुष्काळात सोसायटीचे चेअरमन राधाकिशनआप्पा वाडीचा टँकर स्वतःच्या उसात रिकामा करत होते, आणि वाडीच्या भजनात एकतारी वाजवणारा त्रिंबक नुसता आतल्या आत जळत होता. भजनाच्या रेकॉर्डिंगला आप्पा दोन शब्द बोलायला आले, तेव्हा त्यानं एकतारीचा डिजिटल ट्यूनर काढून "माइक हाय आप्पा" म्हणत त्यांच्या कॉलरला अडकवला. सूर लागला की त्याचा दिवा हिरवा, नाहीतर लाल. वाडीला मात्र त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, "खोटं बोललं की लाल होतंय बगा."

"समदं पाणी वाडीलाच दिलं," आप्पा म्हणाले. लाल.

"माज्या उसाला थेंब न्हाई." लाल.

वाडी फिदीफिदी हसायला लागली, तसे आप्पा भडकून ओरडले, "व्हय, नेलं पाणी! काय करतालऽऽऽ?"


दिवा हिरवागार झाला.