पुढचं पान

वाटीत खडा टपकन पडला. "थांबलीस का, इंदू? सरदार पडला लढाईत, पुढे वाच की," तांदूळ निवडता निवडता वन्सं म्हणाल्या.

नवरा गेल्यावर त्या हिंदी मुलखातल्या, बालाजी घाटाजवळच्या या माहेरी परत आल्या, तेव्हापासून गप्पच होत्या. या ऐतिहासिक कादंबरीनं त्यांना बोलतं केलं. घोड्यावर बसणारी, सासऱ्यालाही सुनावणारी ती सरदाराची बायको त्यांना फार आवडायची. "अशी पाहिजे बाई," म्हणायच्या.

माझ्यासमोरच्या पानावर ती हिरवा शालू नेसून चितेकडे निघाली होती.

मी पानावरची नजर न हलवता वाचू लागले, "तिनं डोळे पुसले आणि गडाचे दरवाजे लावून घ्यायचा हुकूम दिला."

"शाबास," वन्सं म्हणाल्या आणि कित्येक महिन्यांनी हसल्या.

माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बसलेल्या माझ्या लेकीनं, बकुळनं, पानावर बोट ठेवलं. हिंदी शाळेत ती नुकतीच वाचायला शिकली होती. मी घाईनं पान उलटायला गेले, पण तिनं बोट काढलं नाही.

"आई, यहाँ तो लिखा है, ती चितेवर चढली. तू तिला का वाचवलंस?"