मनुबाईचं भांडण

"तिच्या हातात माईक देऊ नका," घरत सरांचा मुलगा परेश सोनलच्या कानाशी लागून म्हणाला. "बाबांना जाऊन पंधरा दिवस झालेत फक्त. आज तरी नको."

मनुबाई उठून उभी राहिली होती. वय ऐंशीच्या पुढे, पण कमरेत ताठ. देवळाच्या मंडपातली कुजबुज थांबली. घरत सरांच्या शोकसभेला ही बाई येईल, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

घरत सर चौऱ्याण्णव वर्षं जगले. आधी शेतकी शाळेत मास्तर, मग शेतकी अधिकारी, आणि निवृत्तीनंतरही छत्री घेऊन खाडीकाठच्या खारबांधावर हजर. भरघोस पिकणारं नवं भात त्यांनीच गावात आणलं. सगळ्यांनी ते लावलं, एकट्या मनुबाईनं नाही. तिच्या दोन एकरांत जुनं, जाडं, लाल भातच. सर दर पावसाळ्यात तिच्या शेतावर जाऊन तिला अडाणी म्हणायचे, आणि ती त्यांचा असा उद्धार करायची की आया पोरांना घरात ओढून न्यायच्या. चाळीस वर्षं गाव तिला हसलं.

आता हसायची कुणाची छाती नव्हती. गेल्या आषाढात उधाणानं बांध फुटला, खाडीचं पाणी शेतांत शिरलं. नवं भात जळून गेलं, मनुबाईचं तेवढं तगलं. जमीन अजून खारटच होती आणि पेरणी आठ दिवसांवर आली होती. खारं सोसणारं बियाणं तालुकाभर शोधूनही मिळालं नव्हतं. सरपंच म्हणून सोनल तीनदा मनुबाईच्या दारात गेली. तिन्ही वेळा उत्तर एकच, "सरांना इचारा." सर तेव्हा वाचा जाऊन अंथरुणाला खिळलेले. म्हातारीचा डूख काही जात नाही, असं म्हणून सोनल परत आली होती.

आता तिला बोलू द्यावं, तर मेलेल्या माणसाची अब्रू जाणार. खाली बसवावं, तर बियाणं गेलंच म्हणायचं.  सोनलनं परेशकडे न बघता माईक पुढे केला.

मनुबाईनं तो दोन्ही हातांनी धरला.

"चालीस सालांमागं सर माझ्या घरी, वटीवर आले," ती म्हणाली. "सोताच्या घरचं लाल बियाणं घेऊन. म्हनले, 'मनुबाई, सगला गाव माझं ऐकतो. उद्या माझं चुकलं तर पेरायला कायच उरनार न्हाय. तुमी तेवढं माझं ऐकू नका. मी चारचौघांत भांडेन, तुमी पन भांडा. न्हायतर लोकांना कलंल, मास्तरलाच खातरी न्हाय. आन मी सांगीन तवाच वाटा.'"

 सोनलला स्वतःची लाज वाटली.

"त्यांनी सांगायची मी वाट बघत व्हते. रोज जाऊन त्यांच्या खिडकीशी उभी ऱ्हायचे. त्यांची वाचाच गेली."

मग ती परेशकडे वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज कापत होता.

"बियाणं माझं न्हाय, तुमच्या घरचं हाय. म्हनून तुला इचारायला आले, बाबा. वाटू का?"