न तुटलेली पट्टी

“सगळं खरवड, पण ती पट्टी सोडून,” तुर्सुनाय अपाने शिडीखालून बजावलं. “तिला पत्रा लावलास तर गाठ माझ्याशी आहे.”

खरवडायचा पत्रा हातात घेऊन शिडीवर उभ्या असलेल्या गिलावेवाल्या बुरुलने मान डोलावली. छताचा जुना चुना भिजवून काढून झाला होता. आता भिंतीवरचा निळा ऑइलपेंट उतरवायचा, मगच नवा गिलावा धरणार. रविवारी घरात सून येणार होती. रीतीप्रमाणे ती याच कोपऱ्यात, पडद्याआड तीन दिवस बसणार. अपाला कोपरा कसा आरशासारखा हवा होता.

आणि याच कोपऱ्यात ती पट्टी होती. जिप्समची, वीतभर लांब, भेगेवर आडवी. वीस वर्षांपूर्वी भूकंप झाला, तेव्हा इंजिनिअर घरोघर सांगत फिरला होता. भेगेवर अशी पट्टी बसवा, घर हललं तर ती तुटेल, मग मुक्काम हलवा. पुढे याच इमारतीतली दोन बिऱ्हाडं भिऊन गेली. अपा मात्र ठाण मांडून राहिली. दर नौरुझला, नव्या वर्षाच्या सणाला, ती पट्टी ओल्या फडक्याने पुसायची.

बुरुलने पत्र्याच्या मुठीने भिंत ठोकली. धप्प. पुन्हा ठोकली. धप्प. तिला हा आवाज मुळीच आवडला नाही.

“अपा, भिंत पोकळ वाजतेय.”

“पोकळ तुझं डोकं! पट्टी बघ की. केसाएवढी तरी चीर आहे का?”

नव्हती. तेच बुरुलला खटकत होतं. “बसवली कुणी?”

“आमच्या ह्यांनी,” अपा खुलली. “भेगेवरून नुकताच रंग दिला होता तेव्हा. शेजारच्या वेंधळ्यांनी पार विटेपर्यंत भिंत खरवडली, मग पट्ट्या मारल्या. दोन वर्षांत तुटल्या, तर पळाले. ह्यांनी रंगाला नखसुद्धा लागू दिलं नाही. थेट रंगावरच बसवली. काय सफाईदार हात होता, सांगू!”

हयात गेली होती बुरुलची भिंती खरवडण्यात. त्या काळचे गवंडी रंगाआधी भिंतीला कापड डकवत. कापड भिंत सोडतं, रंगाने कडक होऊन नुसतं उभं राहतं, आणि मागे काय चाललंय याचा वरच्या पट्टीला पत्ता लागत नाही.

“अपा, तुमच्या पाया पडते. पोरीला इथे बसवू नका.”

“लग्नघरात अभद्र बोलतेस? तुला जमत नसेल तर सांग, दुसरीला बोलावते!”

दुसरी येईल, वरून गिलावा ओढेल आणि कोपरा खरंच आरशासारखा करील. बुरुलने पट्टीखालच्या रंगात पत्रा घातला आणि जोर लावला. अपा ओरडली, पण तोवर भाकरीचा पापुद्रा निघावा तसा रंग कापडासकट सुटून आला. पट्टीही आली, अख्खीच्या अख्खी.

अपाने ती झडप घालून उचलली, उजेडात धरली.

“बघ! तुटली का? सांग ना, तुटली का?”

बुरुलने उघड्या पडलेल्या भेगेत हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. वीट कुठेच आडवी आली नाही. शेवटी बोटांना गाठी लागल्या, लोकरीच्या. पलीकडे आता राहणाऱ्या बिऱ्हाडाने भिंतीवर टांगलेल्या गालिच्याच्या, मागच्या बाजूने.