चार बोटांचा बुचडा

हिरवी टोपी टेबलावर आडव्या झालेल्या गोपिकाच्या डोक्यावर बसत नव्हती. रक्षा सिस्टरनी ती दोनदा ओढली, दोनदा ती कोंबड्याच्या तुऱ्यासारखी वर उठली.

शेजारच्या ट्रॉलीवर टेक्निशियन ज्योत्स्ना फुगा तयार करत होती. लांब नळीच्या टोकाला बसवलेला, करंगळीएवढा. मांडीच्या शिरेतून तो गोपिकाच्या हृदयात जायचा होता आणि चिकटून अरुंद झालेली झडप आतून उघडायची होती. ज्योत्स्नानं त्यातली हवा काढली, द्रव भरला, पाण्याच्या वाटीत बुडवून बुडबुडा येतो का ते पाहिलं. मग फुगवून मापकात धरला. सव्वीस मिलिमीटर. फुग्याचं माप उंचीवरून ठरायचं. उंची जवळच्या दहावर न्यायची, दहानं भागायची, दहा मिळवायचे. फाइलवर एकशे छप्पन्न सेंटिमीटर होते. सव्वीस बरोबर होतं.

"फुग्याले एवढं जोखता, बाई?" गोपिकानं विचारलं. दर दोन शब्दांनी तिला श्वास घ्यावा लागत होता. "आमी सिंदीच्या बाजारात... वांगेही असे नाई जोखत."

"वांगं मोठं निघालं तर चालतं, ताई. हा नाही चालत." ज्योत्स्नाची नजर टोपीवर गेली. "आत काय आहे?"

"बुचडा."

"इतका वर?"

"आठ महिने झाले, बसूनच झोपून राह्यली मी. आडवं झालं का जीव घाबरते. भितीले टेकलं का मागचा बुचडा रुतते. म्हणून वर."

ज्योत्स्नाचा हात थांबला. "वॉर्डात उंची मोजली तेव्हा सोडला होता?"

"काऊन सोडू? मामंजी उभे होते ना तेथं."

डॉ. वानखडे हातमोजे घालून आत आले. "तयार?"

"नाही, सर. उंची पुन्हा मोजायची आहे."

"ज्योत्स्ना, तिला फार वेळ आडवं ठेवता येणार नाही. फरक पडून पडून एक मिलिमीटर पडेल."

"हो, सर. एकच."

झडप फाटली तर छाती उघडावी लागते, आणि उघडणारे सर्जन नागपूरला होते. डॉक्टरांनी रक्षा सिस्टरना मान हलवून खूण केली.

सिस्टरनी बुचडा सोडला. तो चार बोटं उंच होता. केस टेबलाच्या कडेवरून खाली लोंबले. टाचेपासून टाळूपर्यंत टेप धरली. एकशे एकोणपन्नास.

"आडवं मोजलंय," डॉक्टर म्हणाले.

"आडवं माणूस थोडं जास्तच भरतं, सर. कमी नाही."

म्हणजे पंचवीस. ज्योत्स्नानं फुगा रिकामा केला, सिरिंजवरची जुनी खूण पुसली, पुन्हा द्रव भरला. वाटीत बुडवला. मोहरीएवढा एक बुडबुडा वर आला.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. गोपिकाचे ओठ निळसर व्हायला लागले होते. सिस्टरनी तिच्या नाकावरचा ऑक्सिजन वाढवला.

"दोन मिनिटं, ताई," ज्योत्स्ना म्हणाली.

"घ्या तुमी टाइम." गोपिकानं छताकडे नजर लावली. "मी हाव."

ज्योत्स्नानं पहिल्यापासून सुरुवात केली. हवा काढली, द्रव भरला, फुगा बुडवला. पाणी स्थिर राहिलं. मापकात पंचवीस भरले. तिनं सिरिंजवर नवी खूण केली.

"तयार, सर."

पाऊण तासानं पडद्यावर फुगा दिसला. आधी त्याचं पुढचं टोक फुगलं, मग मागचं. मधली कंबर तेवढी झडपेत अडून राहिली, डमरूसारखी. डॉक्टरांचा अंगठा खुणेपर्यंत गेला आणि थांबला. कंबर सुटली. सगळं मिळून पाच सेकंद.

संध्याकाळी ज्योत्स्ना वॉर्डात गेली. उंची मोजायच्या पट्टीशी उभं राहून तिनं सरकती फळी खालून पाहिली. लाकूड तेलानं काळं झालं होतं. तो डाग एका बाईच्या डोक्याचा नव्हता. तिनं भिंतीवर कागद चिकटवला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: केस सोडून मोजा.

पलीकडच्या खाटेवर गोपिका उताणी पडली होती. पाय हलवायचा नाही, असं तिला बजावलं होतं. उशाशी सासू, शकुंतलाबाई, फणी घेऊन बसल्या होत्या. विंचरून झाल्यावर त्यांनी सवयीनं सगळे केस टाळूवर ओढून पिळा घातला.

"वर नोका बांधू, आत्याबाई," डोळे न उघडता गोपिका एका दमात म्हणाली. "वेणी घाला."