पाटीवरची शेवटची दोन अक्षरं

"लग्नाचा हॉल दिसतोय, बाबा," मी कोरियन पाटी बघून म्हणाले. शेवटची दोन अक्षरं लग्नाच्या हॉलवर पाहिलेलीच होती आणि दाराशी रिबिनी लावलेले फुलांचे उंच स्टँड होते. इथे नोकरीला येऊन मला वर्ष झालं होतं. गेल्या आठवड्यात आलेल्या बाबांना इथलं लग्न बघायचं होतं.

आत पांढऱ्या शेवंतीत एका म्हातारीचा फोटो होता. अंत्यविधीच्या हॉलच्या पाटीवरही शेवटी तीच दोन अक्षरं असतात. बाबांनी टोपी काढून हात जोडले. मी शरमेनं मागे सरले, तोवर तिचा मुलगा आमच्यासमोर कमरेत वाकला. मग त्यानं आम्हाला जेवायलाच बसवलं. पुढ्यात गरम भात आणि लाल रस्सा आला.

"सुतकाच्या घरी जेवायचं?" मी कुजबुजले.

"इथली रीत असेल." बाबांनी वाटी माझ्याकडे सरकवली. "आईच्या तेराव्याला तुला येता आलं नाही. आज जेव."

आई गेल्यापासून अडलेलं रडू त्या परक्या ताटावर आलं. मुलगा जवळ येऊन बसला. माझ्या आईला तुम्ही कशा ओळखता, असं त्यानं हळूच विचारलं. प्रश्न कळला, पण उत्तर देण्याइतकी भाषा मला येत नव्हती. पहिल्या धड्यातले दोनच शब्द आठवले. छातीवर हात ठेवून मी म्हणाले, "माझी आई."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठला आणि पुन्हा कमरेत वाकला.

आई गेल्यावर या देशातलं कुणी माझ्या सांत्वनाला आलं नव्हतं.