सहा महिन्यांचा मान

“खाणीचा विषय पुढच्या बैठकीत,” संसदेतल्या उंच आसनावरून एल्वियो म्हणाला आणि त्याने घंटी वाजवली.

वर गॅलरीत दिर्चेने कठड्यावर मूठ आपटली. शिपायाने ओठांवर बोट ठेवलं. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने ते मुकाट्याने खाली घेतलं.

खाण पिएत्राल्ता गावाच्या डोक्यावर होती. रोज दुपारी सुरुंग उडायचे. दिर्चे गावात पियादिना भाजून विकायची, आणि गिऱ्हाईक पोळीवरची धूळ आधी झटकायचं, मग खायचं. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला पडलेल्या भेगेत आता अख्खा हात जात होता. सरकारी इंजिनिअर येऊन बघून गेला. अजून एक हिवाळा सुरुंग लागले तर घर सोडावं लागेल, असं त्याने सांगितलं आणि जाताना चार पियादिना बांधून नेल्या.

खाण बंद करण्याचा ठराव एल्वियोचाच. तो गावचा, दिर्चेच्या वर्गातला. साठ जणांच्या संसदेत त्याने एकेकाचे उंबरे झिजवले, कुणाला पटवलं, कुणाच्या हातापाया पडला. मार्चमध्ये गणित जमलं. ठराव एका मताने पास होणार होता.

नेमका तेव्हाच संसदेतला खाणवाल्यांचा कैवारी ग्वाल्तिएरो उभा राहिला आणि येत्या सहामाहीसाठी देशाचा राजप्रमुख म्हणून त्याने एल्वियोचं नाव सुचवलं. तोंड भरून कौतुक केलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सान मारिनोत राजप्रमुख दोन असतात. दुसरे म्हणून निवडले गेलेले गृहस्थ असे, की त्यांनी जन्मात कुठल्याच बाजूने मत दिलं नव्हतं. हा मान नाकारायची सोय नाही, कायद्यानेच नाही. गावात बँड वाजला, दिर्चेने फुकट पियादिना वाटल्या. राजप्रमुख उंच आसनावर बसतो, पण त्याला मत देता येत नाही आणि राजकारणावर चकार शब्द काढता येत नाही, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

“म्हणजे आपलं मत गेलं,” ती म्हणाली आणि तव्यावरची पोळी करपेपर्यंत तशीच उभी राहिली.

तरी तिने आशा सोडली नव्हती. समोरचा एखादा फुटेल, कुणाला तरी दया येईल. पण त्यासाठी ठराव मताला तर टाकायला हवा ना? एल्वियो टाकतच नव्हता. दर बैठकीत खाणीची पाळी आली की तो शेजारच्या गृहस्थांकडे बघायचा. विषय पुढे ढकलायला दोघांचीही संमती लागते, एकाने मान हलवली नाही तर ढकलता येत नाही. पण ते गृहस्थ कशालाच नाही म्हणत नसत. त्यांची मान डोलायची आणि घंटी वाजायची. ग्वाल्तिएरोचंही काही बिघडत नव्हतं, तेवढी खाण चालू राहत होती. एकदा तर जिन्यात त्याने दिर्चेला टोपी काढून नमस्कार केला.

“राजप्रमुख शहाणे आहेत हो, बाई. घाई कशाला करायची?”

त्या रागात ती घरापर्यंत चालत गेली.

जुलैत गावच्या सणाला एल्वियो आला. काळा सूट, मागे दोन शिपाई. दिर्चेने त्याच्यापुढे पियादिना ठेवली.

“खा, महामहिम. वर धूळ भुरभुरलीय. तुम्हाला आता सवय नसेल.”

एल्वियोने पोळी न झटकता खाल्ली.

“काहीतरी बोल की, मेल्या. भिंत पडल्यावर बोलणार आहेस?”

“मला बोलता येत नाही, दिर्चे.”

“गादी मिळाली की वाचा जाते वाटतं.”

तो उठून गेला. तो विकला गेला, यावर त्या दिवसापासून गावात कुणाचं दुमत उरलं नाही. त्याच्या आईशीसुद्धा लोक तुटक बोलू लागले.

सप्टेंबरात पुढचे राजप्रमुख निवडायचे होते. दिर्चे गॅलरीत हजर होती. एल्वियोच्याच बाजूचा एक जण उठला आणि त्याने ग्वाल्तिएरोचं नाव सुचवलं. तिला आपल्या कानांवर विश्वास बसेना. आपली माणसं उभी राहून, हात दुखेपर्यंत टाळ्या पिटत होती. ग्वाल्तिएरो काहीतरी बोलायला उठला, पण त्या गजरात कुणाला ऐकूच गेलं नाही. लाजतोय मेला, असं दिर्चेला वाटलं. दुसरी निवड फ्लोराबाईंची झाली. त्याही एल्वियोच्याच बाजूच्या, आणि त्यांच्याशी वाद घालायची हिंमत त्यांच्या नवऱ्यालाही नव्हती. पण दिर्चेचं तिकडे लक्ष कुठे होतं?

एक ऑक्टोबरला नव्या राजप्रमुखांच्या शपथविधीला ती चौकात गेली ती एल्वियोच्या तोंडावर चार शब्द फेकायला. शब्द तिने आठवडाभर घोळवून ठेवले होते. मखमली पोशाखातल्या एल्वियोने गळ्यातली साखळी काढून ग्वाल्तिएरोच्या गळ्यात घातली. ग्वाल्तिएरोचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला होता. एल्वियो पायऱ्या उतरला आणि गर्दीतून वाट काढत थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिने तोंड उघडलं.

“थांब, आधी मी,” तो म्हणाला. “सहा महिने गप्प होतो. ठराव मताला टाकला असता तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरी झाली की ठराव पडतो. म्हणून ढकलत राहिलो. उद्या पहिलाच विषय खाणीचा आहे आणि फ्लोराबाई तो पुढे ढकलू देणार नाहीत. मी खाली बसून मत देणार.”

दिर्चेने आठवडाभर घोळवलेले शब्द गिळले. तिने वर पाहिलं. ग्वाल्तिएरो साखळी सावरत उभा होता.

“आता टाळ्या वाजव, दिर्चे,” एल्वियो म्हणाला. “त्याला सहा महिने मत नाही.”